म्युनिक ते व्हेनिस: गाडीवाले आणि विमानवाले

बुधवार, २ ऑक्टोबर २०२४, म्युनिक

गेले आठ दिवस म्युनिकला भावाच्या या घरात रात्रीच्या जेवणाबरोबर एकच वाद वाढला जात होता. व्हेनिसला जायचं यावर एकमत होतं. गाडीने की विमानाने, यावर दोन तट पडले होते.

धाकटा भाऊ निखिल गाडीवाला. "ताई, साडेचारशे किलोमीटर म्हणजे पुणे-गोवा. पुण्याहून गोव्याला आपण कधी विमानाने गेलोय का?"

भावजय मुग्धा विमानवाली. "गोव्याला आपण पहाटे निघतो आणि संध्याकाळी कंबर धरून उतरतो, ते विसरलास वाटतं."

निखिल तिकडून जमाखर्च मांडायचा. ३ ऑक्टोबर हा जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस, १९९० पासूनची राष्ट्रीय सुट्टी. ती यंदा गुरुवारी आली. मग शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस मोकळे. अशा मधल्या शुक्रवारला इथे 'ब्रुकेनटाग' म्हणतात, म्हणजे पुलाचा दिवस. सगळं म्युनिक असे पूल शोधतच जगत असावं, कारण विमानाची तिकिटं भलतीच चढली होती. त्यात ऑक्टोबरफेस्ट चालू. चार मोठे आणि एक पोरगं, जाऊन-येऊन साडेनऊशे युरोंच्या घरात जात होते. गाडीचं पेट्रोल दोन्ही वेळचं सव्वाशे युरो धरा, ऑस्ट्रियाच्या रस्त्याचं स्टिकर साडेअकरा, ब्रेनर खिंडीच्या महामार्गाचा टोल अकरा अधिक अकरा, इटलीतले टोल आणि पार्किंग मिळून पन्नास-साठ. सव्वादोनशे युरोत काम.

पैशाचा प्रश्न इथेच मिटत होता. पण मुग्धाने कागदावर चित्र काढलं. मागच्या सीटवर एका बाजूला अर्णवची खुर्ची, चार वर्षांच्या मुलाला ती कायद्यानेच हवी. उरलेल्या जागेत मी आणि आई. बहात्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या आईला मधे बसवून सात तास. चित्रातली आई तिने मुद्दाम बारीक काढली होती, तरी मावत नव्हती.

वेळेचं गणित मात्र दोघांचं जवळजवळ सारखंच निघालं, आणि मला हे सगळ्यात मजेशीर वाटलं. उड्डाण एक तासाचं. पण म्युनिकच्या मोजाख भागातल्या घरातून निघून विमानतळ, तिथे दोन तास आधी हजर राहणं, उतरल्यावर बॅगा, मग बस, हे सगळं धरलं की पाच तास. गाडीला नकाशा साडेपाच-सहा सांगत होता.

मी स्वतः पुण्याच्या आरटीओतून हजार रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला होता. मला वाटलं होतं, आल्प्समध्ये थोडी गाडी चालवायला मिळेल. निखिल म्हणाला, "गाडीच्या विम्यात चालक म्हणून आमची दोघांचीच नावं आहेत." संपलं. त्याला तरी काय म्हणणार? पुण्यात अकरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला इथे लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागल्या. पहिल्या वेळी नापास. चूक काय, तर लेन बदलताना आरशात पाहिलं, पण मान वळवून खांद्यावरून मागे पाहिलं नाही. आता तो घरात स्वयंपाकघराकडे वळतानासुद्धा मान वळवतो.

शेवटी निकाल आईने दिला, तोही तिला वादात काडीचा रस नसताना. "गुरुवारी घटस्थापना आहे. घट पुण्याला दादाकडे बसतील, पण मी त्या दिवशी देवापुढे दिवा न लावता घराबाहेर पडणार नाही."

झालं. निखिल आणि मी गुरुवारी सामान घेऊन गाडीने पुढे जायचं, वाटेत मुक्काम करायचा. आई, मुग्धा आणि अर्णव शुक्रवारी विमानाने. येताना निखिल, मुग्धा, अर्णव गाडीने, आणि आई व मी विमानाने. मला दोन्हीची चव मिळणार होती.

गुरुवार, ३ ऑक्टोबर, म्युनिक ते टोब्लाख

सहा वाजून दहा मिनिटांनी निघालो. आई उठलेली होती. तिने डिकीत उपासाच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी स्वतः ठेवली आणि दोन टॉवेलांमध्ये खोचली. विमानात ती चालणार नाही, हे मुग्धाने तिला आदल्या रात्री समजावलं होतं. गाडीला असले नियम नाहीत, हा निखिलचा एक गुण वाढला.

एक तासाच्या आत तो गुण गेला. साल्झबुर्गच्या दिशेने जाणाऱ्या महामार्गावर इर्शेनबर्ग नावाचा चढ आहे. आपल्याकडे सुट्टीच्या सकाळी खंडाळ्याचा घाट जसा बातमीत येतो, तसा हा इथल्या रेडिओवर येतो. राष्ट्रीय सुट्टीला जर्मनीत अवजड ट्रकना बंदी असते, त्यामुळे ट्रक नव्हते, पण बाकी सगळी बायर्न, म्हणजे बव्हेरिया, इटलीला निघाली होती. छतावर सायकली, मागे सायकली, एका गाडीला तर होडी. 'श्टाऊ' हा जर्मनमधला पहिला शब्द मी इथे शिकले. कोंडीला इथले मराठी लोकही कोंडी म्हणत नाहीत, श्टाऊच म्हणतात.

आणि मग मी एक गोष्ट पाहिली. वेग कमी होऊ लागला, तशा डावीकडच्या लेनमधल्या गाड्या आणखी डावीकडे सरकल्या, बाकीच्या सगळ्या उजवीकडे. कोणी शिट्टी मारली नाही, पोलीस नाही, काही नाही. मधे आपोआप एक मोकळी पट्टी तयार झाली, भांगासारखी सरळ. अपघात झालाय की नाही हेही अजून कुणाला माहीत नव्हतं. पाच-सात मिनिटांनी मागून एक रुग्णवाहिका आली आणि त्या भांगातून न थांबता निघून गेली. गाड्या थांबायच्या आत ही वाट करायची, असा कायदाच आहे, ऑस्ट्रियातही. मला आपला लक्ष्मी रस्ता आठवला आणि मी गप्प बसले.

ऑस्ट्रियाची हद्द लागायच्या आधी पेट्रोलपंपावर स्टिकर घेऊन काचेला चिकटवलं. नुसतं घेऊन चालत नाही, चिकटवावं लागतं. दहा दिवसांचं घेतलं म्हणजे परतीलाही चालतं. ब्रेनरच्या महामार्गाला मात्र ते लागू नाही, तिथे वेगळा टोल.

इन्सब्रुक मागे पडलं की रस्ता हवेत चढतो. युरोपाब्रुके हा पूल १९६३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. खालच्या दरीपासून उंची १९० मीटर. पण गाडीत बसून पुलाची उंची कळत नाही, कठड्यापलीकडे एक चर्चचा कळस पायापाशी दिसला तेव्हा पोटात गोळा आला. (हे वाचून कुणी बेत आखत असेल तर एक सांगते. याच महामार्गावरचा लुएग पूल नव्याने बांधायचा म्हणून १ जानेवारी २०२५ पासून जुना पूल बरेच दिवस प्रत्येक दिशेला एकेकाच लेनने चालू लागला. आमचे तास तुम्हाला लागू होतीलच असं नाही.)

ब्रेनरची खिंड चौदाशे मीटरच्याही खाली आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा काही फार उंच नाही. आल्प्स ओलांडायला ही सगळ्यात सोपी जागा, म्हणून सगळे इथूनच. खिंडीच्या पलीकडे इटली, पण इटली सुरूच होईना. पाट्यांवर प्रत्येक गावाला दोन नावं. विपितेनो आणि खाली श्टेर्झिंग. ब्रेसानोने आणि ब्रिक्सेन. पहिल्या महायुद्धानंतर हा दक्षिण टिरोल ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला, माणसं आणि भाषा मात्र जिथे होती तिथेच राहिली. बेळगावला मामाच्या घरी सुट्ट्या घालवलेल्या माणसाला पाटीवर कोणतं नाव वर आणि कोणतं खाली, हे पाहायची सवय असते. मी दिवसभर तेच पाहत होते.

महामार्ग सोडून पुस्टरच्या खोऱ्यात शिरलो आणि दुपारी दोनला टोब्लाखला पोचलो. इटालियनमध्ये दोब्बियाको. एकूण पावणेआठ तास, त्यातला सव्वा तास इर्शेनबर्गच्या नावावर. निखिल हिशेबात तो धरायला तयार नव्हता.

टोब्लाखमध्ये पाहण्यासारखं काय, असं मालकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "पाणी." गाव एका सपाट पठारावर आहे, साधारण बाराशे मीटरवर, आणि ते पठार म्हणजे पाणलोटाची सीमा. इथे उगम पावणारी द्राउ पूर्वेला जाते, डॅन्यूबला मिळते, तिचं पाणी शेवटी काळ्या समुद्रात. गावाच्या दुसऱ्या अंगाची रिएन्झ पश्चिमेला वळते आणि तिचं पाणी एड्रियाटिकमध्ये, म्हणजे व्हेनिसच्याच समुद्रात. मधे उतार म्हणावा असा उतार नाही, गवताचं कुरण आहे आणि त्यात गायी. सह्याद्रीच्या कड्यावर हे समजतं, तिथे पावसाच्या थेंबाला विचार करायला वेळच मिळत नाही. इथे तो रेंगाळत असणार.

रात्री जेवायला क्नोडेल. शिळ्या पावाचे, पालक घातलेले वाफवलेले गोळे, वर वितळलेलं लोणी. फोडणीची पोळी जिथून आली, त्याच विचारातून हेही आलं असणार. दिवसभर रस्ता पाहून निखिलचे डोळे लाल झाले होते. साडेआठला तो झोपला. मुग्धाच्या बाजूने हा एक मुद्दा मी मनातल्या मनात लिहून ठेवला.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर, टोब्लाख ते मेस्त्रे

सकाळी ढग होते आणि बारीक पाऊस. कोर्तिनाकडे जाणाऱ्या दरीत एका जागी गाड्या थांबलेल्या दिसल्या, म्हणून आम्हीही थांबलो. समोर नुसतं पांढरं. एक जपानी जोडपं छत्रीखाली उभं होतं. दहा मिनिटांनी ढग एका बाजूने उचलला गेला आणि तीन सुळके दिसले, द्राय झिनेन, इटालियनमध्ये त्रे चीमे. मधला सगळ्यात उंच, २,९९९ मीटर. एक मीटर कमी! आपल्याकडे असता तर वर एक मंदिर बांधून तीन हजार पुरे केले असते. परत ढग आला. सगळं मिळून दोन मिनिटं.

वाट वाकडी करून मिझुरिनाचं तळं पाहिलं, कॉफी प्यायलो, त्रे क्रोचीची खिंड ओलांडून कोर्तिनात उतरलो. १९५६ चं हिवाळी ऑलिम्पिक इथे झालं होतं आणि २०२६ चं पुन्हा इथे आणि मिलानमध्ये व्हायचं होतं, त्यामुळे गावावर क्रेन उभ्या. रस्त्याची कामं, एकेरी वाहतूक, हातात फलक घेतलेला माणूस. इथे आल्प्स आणि कात्रज यांत काही फरक राहिला नाही.

अर्ध्या वाटेत मुग्धाचे निरोप येत होते. म्युनिकच्या विमानतळाकडे जाणारी एस१ ही लोकल नॉयफार्नला दुभंगते. पुढचे डबे फ्रायझिंगला जातात, मागचे विमानतळाला. मुग्धाला हे पाठ आहे, पण आईला जिथे बसायला जागा मिळाली तो डबा पुढचा होता. नॉयफार्नला उतरून, अर्णवला काखेत मारून, आईचा हात धरून मागच्या डब्यापर्यंत पळापळ. "आजी धावली!" असा अर्णवचा आवाजी निरोप आला. मग सुरक्षा तपासणी, मग खूप चालणं. पण साडेअकराला उडालं आणि साडेबाराला उतरलं. दोनच्या सुमारास व्हेनिसच्या अलीकडच्या मेस्त्रेतल्या हॉटेलातून आईचा झोपलेला फोटो. विमानवाले जिंकले होते आणि आम्ही अजून डोंगरातच होतो.

आम्ही लोंगारोने गावाजवळ आलो होतो. 'झोल्दो' अशी पाटी पाहून निखिलने एकदम गाडी हळू केली. मोजाखमध्ये त्याच्या कोपऱ्यावर इटालियन आइस्क्रीमचं दुकान आहे, हिवाळ्यात बंद असतं. मालक दर वर्षी गावी जातो, आणि ते गाव म्हणजे झोल्दोची दरी. जर्मनीत गावोगावी जी इटालियन आइस्क्रीमची दुकानं आहेत, त्यातल्या कितीतरी घराण्यांचं मूळ इथे, झोल्दो आणि कादोरेच्या डोंगरांत. उन्हाळाभर परमुलखात गोड विकायचं आणि थंडीत घरी. आमच्या कोकणातल्या चाकरमान्यांचं उलट वेळापत्रक.

पण मला थांबायचं होतं ते धरणासाठी.

रस्त्यावरूनच दिसतं. पूर्वेकडच्या डोंगरात एक चिंचोळी फट आहे आणि त्या फटीत वरपासून खालपर्यंत एक पांढुरकी भिंत. वायोंतचं धरण. उंची २६१.६ मीटर. बांधून झालं तेव्हा कमानी धरणांत जगातलं सगळ्यात उंच. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री १० वाजून ३९ मिनिटांनी मागच्या तलावात तोक डोंगराचा कडा कोसळला. सुमारे २६ कोटी घनमीटर माती आणि दगड, एक मिनिटही लागलं नाही. धरण फुटलं नाही. तलावातलं पाणी उसळलं, भिंतीवरून पलीकडे गेलं आणि खालच्या लोंगारोनेवर पडलं. १,९१७ माणसं गेली.

वर जायला सहा-सात किलोमीटरचा वळणांचा रस्ता आहे. बोगदे अरुंद. निखिल म्हणाला, "ताई, उशीर होतोय." मी म्हटलं, "विमानाने आले असते तर मुकाट्याने बसले असते. गाडी तुला हवी होती ना?" तो वळला. मान वळवून, खांद्यावरून पाहून.

धरणाच्या मागे तलाव असेल असं वाटतं. तिथे तलाव नाही, डोंगर आहे. कोसळलेला सगळा ढिगारा अजून तिथेच, त्यावर आता झाडं वाढलीत. पलीकडे डोंगराला जिथून कडा सुटला, तिथे एक प्रचंड उघडी, गुळगुळीत उतरण. साठ वर्षांत तिच्यावर काही उगवलेलं नाही. रस्त्याच्या कुंपणाला ओळीने रंगीत कापडी पताका बांधलेल्या, प्रत्येकीवर एका मुलाचं नाव. ४८७ मुलं. पावसाने भिजून त्या जाळीला चिकटल्या होत्या. एक उलटी झाली होती, ती मी सरळ केली. तीन अक्षरी नाव होतं, आडनाव शेजारच्या दोन पताकांवरही तेच.

डोंगर सरकतोय हे आधी माहीत होतं. तीना मेर्लिन नावाच्या पत्रकार बाईने 'लुनिता' या वर्तमानपत्रात धोक्याबद्दल लिहिलं, तर खोट्या बातम्या पसरवते म्हणून तिच्यावरच खटला भरला गेला. १९६० मध्ये ती निर्दोष सुटली. तीन वर्षांनी डोंगर आला.

उतरताना लोंगारोनेच्या पिरागो वस्तीतला चर्चचा मनोरा पाहिला. त्या रात्रीनंतर तिथे तो आणि एक घर एवढंच उभं राहिलं होतं. आज आजूबाजूला इतर गावांसारखं गाव आहे, वाळत घातलेले कपडे, सॅटेलाइटच्या थाळ्या. मनोरा त्यांच्यामधे.

मेस्त्रेला पोचायला पाच वाजले. व्हेनिसच्या बेटावर गाडीचा काही उपयोग नाही. पूल ओलांडून गेलं की पियाझाले रोमाला रस्ता संपतो, आणि तिथल्या गराजचे दर ऐकून आपणही संपतो. म्हणून हॉटेल अलीकडे मेस्त्रेत घेतलं. शहरात शिरताना निखिल प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होता. इटलीच्या जुन्या शहरभागांत परवान्याशिवाय गाडी घातली तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी जर्मनीतल्या घरी पोस्टाने येतो. त्याच्या ऑफिसातल्या एकाला एकाच सुट्टीचे तीन आले होते.

रात्री आईला वायोंतबद्दल सांगितलं. ती राजगिऱ्याचा लाडू खात होती, शेजारी लोणच्याची बरणी सुखरूप. ऐकता ऐकता तिने लाडू खाली ठेवला.

"पानशेतला मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. १२ जुलै १९६१. तिचं माहेर नारायण पेठेत. पानशेत फुटलं, मग त्या लोंढ्याने खडकवासला. "जवानांनी रात्रभर पोती रचून धरलं होतं म्हणून पाणी सकाळी आलं. रात्री येतं तर मी आज इथे नसते." हे मी ऐकलेलं होतं. पुढचं ऐकलेलं नव्हतं. पाणी उतरल्यावर ते वाड्यात परत गेले तेव्हा खालच्या घरात काही म्हणजे काही उरलं नव्हतं. भांडी, ट्रंका, देव्हारा, दार. माजघरात चिखल काढता काढता तिच्या आईच्या हाताला पाटा लागला. जड म्हणून जागचा हलला नव्हता. "वरवंटा गेला. पाटा तेवढा राहिला. आई त्याच्यावर बसली आणि मग रडली."

मुग्धाने विचारलं, "तो पाटा कुठंय आता?"

"दादाकडे गॅलरीत. त्याच्यावर तुळशीची कुंडी आहे."

एवढी वर्षं त्या कुंडीला मी पाणी घातलंय.

शनिवार, ५ ऑक्टोबर, व्हेनिस

व्हेनिसबद्दल सगळ्यांनी सगळं लिहून ठेवलंय, मी थोडक्यात आवरते. मेस्त्रेहून ट्रामने दीड युरोत बेटावर गेलो. तिथे बोटीचं एकेरी तिकीट साडेनऊ युरो, म्हणून सरळ दिवसभराचा पंचवीसचा पास काढला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला व्हेनिस अवघड आहे. चारशेच्या वर पूल, आणि बहुतेकांना पायऱ्या. आम्ही आईला एक नंबरच्या बोटीत पुढच्या उघड्या जागेत बसवलं आणि मोठा कालवा या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा केला. रियाल्तोच्या बाजारात तिच्या उपासाला द्राक्षं आणि अंजीर मिळाले.

ती सारखी दारांकडे पाहत होती. पायरीला पाणी, उंबऱ्याला शेवाळ, आणि आत माणसं निवांत. "यांना भीती वाटत नाही?" समुद्राच्या तोंडाशी त्यांनी ७८ पोलादी दरवाजे बसवलेत, भरती मोठी असली की ते वर उठतात, ३ ऑक्टोबर २०२० ला पहिल्यांदा भरती अडवली, असं निखिलने तिला सांगितलं. ती म्हणाली, "दरवाजे कोण राखतं?" याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

अर्णव कबुतरांमागे पळाला आणि पडला.

रविवार, ६ ऑक्टोबर, परत

पावणेदहाला हॉटेलच्या दारात दोन्ही पक्ष वेगळे झाले. सामान गाडीत, अर्णव खुर्चीत, मुग्धा पुढे. आई आणि माझ्याकडे एकेक लहान पिशवी. मुग्धा म्हणाली, "तुम्ही आधी पोचाल, चहा टाकून ठेवा."

विमानतळाच्या बसला अर्धा तास. सुरक्षेच्या पट्ट्यावर आईची पिशवी बाजूला काढली गेली. आत लोणच्याची बरणी. काल रात्री उरलेलं लोणचं गाडीत सांडेल म्हणून तिने सकाळी बरणी 'आपली आपल्याजवळ बरी' म्हणत उचलली होती. शंभर मिलिलिटरच्या वर काही चालत नव्हतं, आणि लोणचं हा द्रव की घन यावर तिथल्या तरुणीशी वाद घालण्याइतकं इटालियन माझ्याजवळ नव्हतं. तिने झाकण उघडून वास घेतला, भुवया उंचावल्या, आणि खरोखर वाईट वाटल्यासारखं तोंड करून बरणी टबात टाकली. आई मराठीत म्हणाली, "निदान तू तरी खा गं."

विमान पन्नास मिनिटं उशिरा. का, ते कुणी सांगितलं नाही. मग विमानात अर्धा पेला पाणी आणि एक छोटं चॉकलेट. आईला खिडकी दिली होती. समुद्र, सपाट शेतं, आणि दहाव्या-बाराव्या मिनिटाला डोंगर. तिने विचारलं, "ते धरण कुठे आलं?" मी खाली पाहिलं. ढगांचा पांढरा गालिचा आणि त्यातून वर आलेले दगडी दात. एका फटीतून करडं काहीतरी दिसलं, ते धरण होतं की नुसताच कडा, देव जाणे. "त्या बाजूला," मी बोट दाखवलं. ती तिकडे पाहत राहिली. गुरुवारचे पावणेआठ आणि शुक्रवारचे आठ तास खालून बावीस मिनिटांत सरकून गेले. मी घड्याळ लावलं होतं.

उतरल्यावर फोन सुरू केला तर निखिलचे चार निरोप. टोलनाक्यावर रांग. ब्रेनरला रांग. चौथा कीफर्सफेल्डनहून, जर्मन हद्दीवर पोलीस तपासणी, सगळ्या गाड्या एका लेनमधे, अर्णवला शू लागली आहे. चार दिवसांच्या सुट्टीचा शेवटचा रविवार, सगळी बायर्न परत निघाली होती. मला आनंद झाला नाही असं म्हणणार नाही.

येताना एस१ दुभंगत नाही, नुसती जोडली जाते, त्यामुळे कुठेही बसता येतं. मोजाखला उतरून आईच्या चालीने घर गाठलं तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेसहा तास. खालचं दार शेजारच्या आजोबांनी उघडलं. पहिल्या मजल्यावर जाऊन मी पिशवीत हात घातला आणि मग दुसऱ्या कप्प्यात, आणि मग कोटाच्या खिशात.

घराची किल्ली निखिलच्या गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात होती. दुसरी मुग्धाच्या पर्समधे. पर्स गाडीत.

फोन लावला. मुग्धाने उचलला. मागे निखिलचा आवाज आला, "ताईला विचार, चहा झाला का?" मी परिस्थिती सांगितली. पलीकडे आधी शांतता आणि मग दोघांचं हसणं. गाडी तेव्हा इर्शेनबर्गला उभी होती.

आई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली, गुडघे चोळले, आणि पिशवीतून राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा काढला. दोन उरले होते. "लोणचं असतं तर," ती म्हणाली.